बहिणीची सही आणि बाबासाहेबांचा राजीनामा

आजच्या स्त्रीकडून समाजाच्या अपेक्षा तरी किती? तिने शिकावे, नोकरी करावी, पगार घरात द्यावा, सासू-सासऱ्यांची सेवा करावी, आणि माहेरी आईवडील आजारी पडले की रजा टाकून दवाखान्यात उभे राहावे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यासाठी देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हे सगळे केले की ती 'गुणाची पोर' ठरते. पण हीच गुणाची पोर वडिलांच्या मिळकतीत वाटा मागू लागली, की एका दिवसात लोभी ठरते. भावाने मागितला तर तो हक्क, बहिणीने मागितला तर हाव! या दुटप्पीपणाला काय म्हणावे?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न फक्त वाड्या-हवेल्यांतल्या सवर्णांचा आहे असे समजू नका. वडील वारतात. जलदान विधी होतो, भिक्खूसंघाला भोजनदान होते, भाषणे होतात. आणि पाहुणे पांगण्याआधीच बहिणींना सांगितले जाते, "ताई, दोन दिवस थांबा, तेवढी सही करून जा." ती सही असते हक्कसोडपत्रावर. दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणी रांगेत उभ्या राहतात, अंगठे उमटवतात, फोटो काढतात आणि एक साडी घेऊन परत जातात. जिने सही नाकारली तिचे माहेर तुटते. कागदावर मात्र लिहिलेले असते, 'राजीखुशीने'.

ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरातही हे घडते. म्हणून इतिहासाची आठवण द्यावी लागते. बी. एन. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचविला होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला. सनातन्यांनी हिंदू कोड बिलाविरुद्ध रान उठवले, संसदेत बिल रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे हे बिल बारगळणे हे एक प्रमुख कारण होते. ज्या वाट्यासाठी बापाने मंत्रिपदावर लाथ मारली, तोच वाटा त्याची लेकरे बहिणीकडून एका साडीत लिहून घेतात!

पुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी तेव्हापासूनच मुलाबरोबर वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र तिला जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, पण तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींनाच. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलीला, तिचे लग्न झालेले असो वा नसो, मुलासारखाच जन्माने हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असा निकाल ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे. वाट अडविली आहे ती आपल्या ओसरीवर.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, "तिच्या लग्नात खर्च केला." मुलाच्या लग्नात केला नाही काय? त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी त्याच्या वाट्यातून वजा करतो काय? दुसरे उत्तर, "आईबापांना आम्ही सांभाळले." सांभाळ ही मुलांची मक्तेदारी नाही. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही मुलगा व मुलगी दोघांना जबाबदार धरले आहे. जबाबदारी दोघांवर आणि मिळकत एकाला, हा कोणता न्याय?

तिसरे उत्तर अधिक गंभीर आहे. "आपल्याकडे आहे तरी काय वाटायला? वतनाची एकरभर जमीन, वस्तीतली एक खोली." खरे आहे, आपला समाज बहुसंख्येने भूमिहीन आहे. पण म्हणूनच ती खोली महत्त्वाची आहे. नवऱ्याने टाकलेली, विधवा झालेली, मारहाण सोसणारी आपली लेक रात्री कोठे जाईल? भावाच्या मर्जीवर जगणारी स्त्री आणि स्वतःच्या नावावर चार पत्रे असलेली स्त्री यांच्या बोलण्यात फरक असतो. शिवाय रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी हीच एकरभर जमीन जाते आणि मोबदला येतो, तेव्हा ती एकदम मोठी होते. नेमकी तेव्हाच बहिणीची आठवण होते, तीही सहीपुरती.

वाटा सोडायचा की घ्यायचा हे बहिणीने ठरवावे. भाऊ हलाखीत असेल आणि तिने स्वखुशीने सोडला, तर त्यात गैर काही नाही. पण सोडण्यापूर्वी आपला वाटा किती आणि त्याची किंमत काय, हे तिला माहीत असले पाहिजे. नाही म्हटल्यावरही माहेरचे दार उघडे राहील, याची तिला खात्री असली पाहिजे. ही खात्री नसताना घेतलेल्या सहीला राजीखुशी म्हणता येत नाही.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या वकिलाला बोलावून हा कायदा बायकांना समजावून सांगावा. वारस नोंदीचा अर्ज देताना बहिणींची नावे वगळू नयेत. आणि ज्याला १४ एप्रिलला व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलायचे आहे, त्याने आधी घरचा सातबारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे.

स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजावी, असे बाबासाहेब १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत म्हणाले होते. ते माप आता आपल्या घराला लावण्याची वेळ आली आहे. जयभीम!