एका सेटची किंमत

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाहूपुरीतल्या एका चहाच्या गाड्यावर माझा एक माजी विद्यार्थी भेटला. मोबाइलवर टेनिसचा सामना चालू होता. पण त्याची नजर खेळावर नव्हती, आकड्यांवर होती. “सर, सामना कोण जिंकेल ते जाऊ द्या. दुसरा सेट कुणाचा, त्यावर भाव चाललाय.” मी त्याला जुगार म्हटले. तो हसला. “जुगार नाही सर, मतांचा बाजार आहे.”

त्याचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हे. ‘अमुक खेळाडू हा सेट जिंकेल’ या विधानाचा ‘होय’ साठ पैशांना विकला जातो. विधान खरे ठरले तर रुपया मिळतो, नाहीतर शून्य. म्हणजे बाजाराच्या मते ती शक्यता साठ टक्के. विखुरलेली मते अशी एका आकड्यात गोळा होतात. पावसाबाबत अशा आकड्याला काही अर्थ असू शकेल, कारण पैसे लावून पाऊस पाडता येत नाही. मुंबईचा मटका आरंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर चाले, तेव्हाही चिठ्ठी लावणाऱ्याला तो भाव हलवता येत नव्हता. सेट मात्र एका दमलेल्या माणसाच्या मनगटात असतो.

कोल्हापूरकराला नुरा कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. खासबागेत पाठ मातीला लागली की निकाल. तिथे विकायची तर अख्खी कुस्तीच विकावी लागते, आणि जाणता प्रेक्षक ती लबाडी बहुधा ओळखतो. टेनिसची रचना निराळी आहे. तीन सेटच्या सामन्यात एक गमावूनही सामना जिंकता येतो. खेळाडूने दुसरा सेट विकला आणि तिसरा जीव ओतून जिंकला, तर विजेता खरा, निकाल खरा, टाळ्याही खऱ्या. खोटा फक्त मधला अर्धा तास. ही नुरा कुणाच्या लक्षात येणार?

हे कल्पनारंजन नव्हे. अ‍ॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये टेनिसमधील भ्रष्टाचारावर अहवाल दिला. रोग मुख्यतः खालच्या स्तरावर असल्याचे तिने नोंदवले. तिथे बहुतेकांचा खर्चही बक्षिसांतून निघत नाही. त्यांच्या सामन्यांचे क्षणाक्षणाचे गुण मात्र पैजांसाठी विकले जात. सर्वांत खालच्या स्पर्धांपुरती ही विक्री थांबवावी, अशी शिफारस समितीने केली. २०२२ मध्ये कोल्हापूरची एक मुलगी विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. आपल्या मुलांना वर चढायचे ते याच पायऱ्यांवरून.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावण्याच्या अशा अ‍ॅपांवर बंदी आली. ती योग्यच आहे. परंतु कायदा व्यवहार थांबवतो, दृष्टी बदलत नाही. सेट हा नाटकातल्या अंकासारखा असतो. पहिला सेट हरलेला खेळाडू दुसऱ्यात सावरतो, तेव्हा त्या हरण्यालाही अर्थ येतो. अंकाचा सुटा भाव ठरला की तो अर्थ उरत नाही.

त्या संध्याकाळी विद्यार्थ्याचा खेळाडू सेट हरला. “मुद्दाम हरला,” तो म्हणाला. त्याच्याकडे पुरावा काहीच नव्हता. पैसे लावले नसते, तर त्याला तसे वाटलेही नसते.