गोड पाव आणि अंगठी

बार्मब्रॅक हा आयर्लंडचा गोड पाव. 300 ग्रॅम मनुका रात्रभर कपभर कोऱ्या चहात भिजवायच्या. सकाळी त्यात 225 ग्रॅम मैदा, साखर, एक अंडं, दोन चमचे बेकिंग पावडर घालून ओव्हनमध्ये 160 अंशांवर सव्वा तास भाजायचं.

रविवारी पनवेलच्या आमच्या घरी तो केला. खालाने विचारलं, "हा त्यांच्या सणाचा ना? आपल्याला चालतो?"

प्रश्न रास्त आहे. 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला आयरिश लोक यात अंगठी लपवतात. जिच्या तुकड्यात ती निघेल तिचं वर्षभरात लग्न होणार, असा समज. गैबचं इल्म अल्लाहलाच. म्हणून मी अंगठी घातली नाही. पण मैदा, मनुका, चहा यांना कुठला मजहब?

पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं, ही आख्यायिका आपण ऐकलेली आहे. आज त्याच पावात वडा घालून सारा महाराष्ट्र खातो.

समज नाकारावा, अन्न नाकारू नये. खालाने दोन तुकडे खाल्ले. उरलेला शेजारच्या काकूंकडे पाठवला, त्यात अंडं आहे हे आधी सांगून.