जहाज थांबलं की खाली उतरायला हवं

मानोऱ्याहून समुद्र गाठायचा तर आधी एसटीनं मूर्तिजापूर किंवा अकोला, तिथून रात्रीची रेल्वे आणि सकाळी मुंबई. तरीही गेली दोन-तीन वर्षं आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये क्रूझचा विषय निघतो. मोबाइलवर जाहिराती येतात, कुणाचा तरी नातेवाईक जाऊन आलेला असतो, हप्त्यांची सोय असते. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पॅकेजमध्ये सगळं आहे ना?" दुसरा प्रश्न आमच्यातल्या बायकांचा: "हलाल जेवण मिळतं का?" तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. जहाज ज्या बंदरात थांबतं, तिथं आपण करायचं काय?

माझ्या मते हा तिसरा प्रश्नच खरा आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं अशा सफरीवर गेलो होतो. मी, माझे पती, मुलगी आणि जेठ-जेठानी. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट आणि परत मुंबई. जहाजावर काय असतं ते जाहिरातीत दिसतं तसंच असतं: पोहण्याचा तलाव, गाण्याचे कार्यक्रम, दिवसभर खाणं. त्यात वाईट काही नाही. वर्षभर खडू आणि निकालपत्रकांत गेलेल्या माणसाला चार दिवस आराम मिळाला तर तो त्याचा हक्कच आहे. पण कोचीला जहाज लागलं तेव्हा आमच्या मजल्यावरची कितीतरी मंडळी खाली उतरलीच नाहीत. "जेवण तर इथं आहे, बाहेर ऊन आहे," असं म्हणून ती परत लिफ्टकडे वळली. जी उतरली त्यांतली बहुतेक काचबंद बसमध्ये बसली आणि तीन तासांत शहर "करून" आली.

आम्ही बस घेतली नाही. कोचीत क्रूझची जहाजं विलिंग्डन बेटावर लागतात. तिथून जवळच प्रवासी बोटीचा धक्का आहे आणि राज्य सरकारची बोट किरकोळ भाड्यात फोर्ट कोचीला नेऊन सोडते. २०२३ पासून कोचीत वॉटर मेट्रोही सुरू झाली आहे. बोटीत शाळेची मुलं होती, मासळीच्या टोपल्या होत्या आणि नोकरीवर निघालेल्या बायका होत्या. पलीकडे उतरल्यावर चिनी पद्धतीची ती मोठी जाळी, मग चालत आणि रिक्षानं मट्टांचेरी. १५६८ साली बांधलेलं परदेशी सिनेगॉग, जवळच राजवाडा, मसाल्यांच्या वखारी. हे सगळं बसवाल्यांनाही दिसतं. बसमधून ऐकू येत नाही ते एवढंच की, मट्टांचेरीच्या गल्ल्यांत लोक कितीतरी भाषा बोलतात. कोकणी बोलणारे गौड सारस्वत आहेत, कच्छी मेमन आहेत, दखनी उर्दू बोलणारी मुसलमान घरंही आहेत. एका दुकानात मी मोडक्या हिंदीत भाव विचारला आणि दुकानदारानं दखनीत उत्तर दिलं, तेव्हा माझी मुलगी चकित झाली. तिला वाटत होतं उर्दू म्हणजे अम्मीची शाळा आणि हैदराबाद.

याच कोचीत डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला. 'हॉर्टस मलाबारिकस'चा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन नागरी लिपीत आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही लिपी साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजातून युरोपात गेली, हे कळायला पुस्तक पुरेसं आहे. पण ती ज्या गल्ल्यांतून निघाली तिथं उभं राहिलं की गोष्ट डोक्यात पक्की बसते.

आता विरोधी बाजू. ती खरी आहे, म्हणून झाकून ठेवत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिची वाट बघतं. तुम्ही आपल्या मर्जीनं गेलात आणि उशीर केलात तर ते निघून जातं, पुढचा खर्च तुमचा. म्हणून एकट्यानं फिरायचं तर काही नियम पाळावे लागतात. परतीची वेळ तोंडी ऐकू नका, कागदावर बघा. जहाजाचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळवून घ्या. किमान एक तास आधी धक्क्यावर परत या. जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. आणि दूरचा मोह टाळा. कोडुंगल्लूरची चेरामन मशीद भारतातली सर्वांत जुनी मशीद मानली जाते. आमच्या जेठांना ती बघायचीच होती. पण ती तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे आणि रस्त्यात गाड्यांची गर्दी. आम्ही गेलो नाही. ती मशीद एवढी शतकं थांबली आहे, आपल्या पुढच्या फेरीपर्यंतही थांबेल.

दुसरा आक्षेप घरातून येतो. "परक्या मुलखात बायकामाणसांनी असं गल्लीबोळांत फिरायचं?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आपल्याच दाद्या-नान्यांची आठवण करून देते. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानं जिद्द्याला जात. त्याआधी कितीतरी पिढ्या मुघल लाइन या कंपनीच्या जहाजांनी गेल्या. विदर्भातल्या खेड्यांतून निघालेल्या बायका मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहत, कागदपत्रं करत, मग आठवडाभराचा समुद्र. जुन्या काळी तर लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरावं लागे. माझ्या पतींच्या दादी सत्तरच्या दशकात अशाच गेल्या होत्या. त्यांना ना इंग्रजी येत होती ना अरबी. जिद्द्याच्या बाजारात बोटांनी भाव करून त्यांनी आणलेला कपडा आमच्या घरात अजून आहे. त्यांना आपण हिंमतवान म्हणतो आणि त्यांच्या पणतीला बसमधून उतरू नको म्हणतो, हे काही पटत नाही.

समुद्र आपला नाही, हाही एक गैरसमज आहे. आमच्या तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. रेल्वे येण्याआधी याच समाजाचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरचं मीठ देशाच्या पोटात आणत आणि इथलं धान्य बाहेर नेत. आणि कापूस? अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसावर नजर लावली. पुढे खामगाव-अमरावतीपर्यंत रेल्वेचे फाटे आले ते मुख्यतः त्याच्यासाठी. आपल्या आधी आपल्या कापसानं मुंबई बंदर पाहिलं. भाषेतही तेच. बंदर फारसीतून आलं, जहाज आणि खलाशी अरबीतून, कोकणातला नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. मराठी आणि उर्दू या दोन भाषा वर्गात वेगळ्या तासांना शिकवल्या जातात, पण धक्क्यावर त्या एकत्रच उभ्या असतात.

इथवर मी "उतरा आणि स्वतः फिरा" असं म्हणत आले. अगत्तीला मात्र माझं म्हणणं बदलतं. एकट्यानं फिरण्याचा हक्क सगळ्या बंदरांत सारखा नसतो.

लक्षद्वीपचं एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. आपला वाशिम जिल्हा सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा आहे. त्या ३२ मध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३ माणसं राहतात, तीही ३६ पैकी फक्त दहा बेटांवर. अगत्ती सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदीला एक किलोमीटरच्या आत. मोठं जहाज तिथं लागूच शकत नाही. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि लहान होड्यांतून माणसं आत जातात. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड पाण्याचा पातळ थर आहे, तो उपसला की विहिरी खारट होतात. २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी काढणारा प्रकल्प उभारावा लागला, पुढे अगत्तीलाही तसा झाला. प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेत पांढरा पडला होता. टँकरची वाट बघण्यात उन्हाळे काढलेल्या विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच तिथं जायला परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीयालाही तो घ्यावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि देशभर लक्षद्वीपचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेकांना हा परवाना म्हणजे अडथळा वाटला. मला तो घराच्या दारासारखा वाटतो. आपल्याच देशातलं घर असलं तरी दार वाजवूनच आत जायचं असतं. तिथं स्थानिक वाटाड्या घ्या, तो नेईल तिथंच जा, प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका, बाटल्या परत जहाजावर आणा. नारळपाणी आणि मासे बेटावरच्या माणसाकडून विकत घ्या. जहाज निघून गेल्यावर मागे उरतो तो एवढाच पैसा.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. लक्षद्वीपमध्ये ९६ टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत. त्यामुळे आपल्यातले काही जण "आपल्या माणसांत" जायचं म्हणून निघतात, आणि इतर काही जण ते बेट जणू परदेश असल्यासारखं बघतात. दोघांनाही तिथं धक्का बसतो. तिथं उर्दू नाही, मल्याळमची बोली आहे. मिनिकॉय बेटावर तर महल भाषा आहे, तिची लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते पण आपल्याला एक अक्षर लागत नाही. आणि तिथल्या जुन्या रीतीत घराण्याची मालमत्ता आईकडून मुलीकडे चालते. तिला ते शुक्रवारची मालमत्ता म्हणतात. माणसानं स्वतः कमावलेली ती सोमवारची, तिची वाटणी शरीयतप्रमाणे. लग्नानंतर बायको आपल्या आईच्या घरी राहते आणि नवरा तिथं येतो, ही तिथली जुनी चाल. लीला दुबे यांनी १९६९ साली यावर 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे पुस्तकच लिहिलं. माझ्या जेठानीला हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सासरी जायचंच नाही?" पाच दिवसांच्या जहाजावर आमच्यात एवढी मोठी चर्चा दुसऱ्या कशावरच झाली नाही.

अशा ठिकाणी कसं वागू नये हे सातशे वर्षांपूर्वीच्या एका मुसाफिरानं दाखवून ठेवलं आहे. इब्न बतूता आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता. पुढे कालिकतला तो जुम्याच्या नमाजसाठी जमिनीवर थांबला आणि त्या रात्रीच्या वादळात बंदरातलं मोठं जहाज फुटलं. उतरल्यामुळे जीव वाचला, असं गमतीनं म्हणता येईल. तिथून तो लक्षद्वीपच्या दक्षिणेला असलेल्या मालदीवला पोहोचला आणि काझी झाला. तिथल्या बायकांच्या पोशाखावर त्यानं हुकूम काढायचा प्रयत्न केला. लोकांनी तो ऐकला नाही, आणि काही महिन्यांत त्याला बेट सोडावं लागलं. मुसाफिर म्हणून तो मोठा होता यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या बेटावर आपण मेहमान असतो, काझी नाही, एवढं त्याच्याकडून उलट्या बाजूनं शिकावं. "हे कसले मुसलमान" किंवा "हे कसले भारतीय" ही दोन्ही वाक्यं मुंबईच्या धक्क्यावरच सोडून जहाजात चढावं.

क्रूझ परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तीही सगळ्यांसाठी नाही. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाची होडी जंजिऱ्याला नेते. तो किल्ला सिद्दींकडे १९४८ पर्यंत होता, आणि तिथला इतिहास ऐकायला कुठलंच पॅकेज लागत नाही. रेल्वेनं कोचीला जा आणि दिवसभर बोटींनी फिरा, जहाजाच्या एका रात्रीच्या खर्चात चार दिवस होतील. जे जहाजानं जातात त्यांना एवढंच सांगणं आहे: पैसे आराम करायला दिले असतील तर खुशाल आराम करा. पण मुलं बरोबर असतील तर त्यांना एकदा तरी त्या सरकारी बोटीत बसवा, आणि तिकिटाचे पैसे त्यांच्या हातानं द्यायला लावा.