एका फोटोतलं वादळ

मे महिना लागला किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की होस्टेलच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. निळ्या समुद्रावर पांढरं चक्र, मधोमध काळा डोळा आणि खाली ‘मुंबईकडे येतंय!’ फोटो कोणत्या तारखेचा, किती वाजताचा, काही पत्ता नसतो. कधी कधी तर तो आपल्या समुद्राचाही नसतो. (सोपी खूण सांगतो: आपल्या गोलार्धातलं चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. काट्यांच्या दिशेने फिरणारं असेल, तर ते विषुववृत्ताच्या खालचं.) असो. फॉरवर्ड करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. माझं भांडण आहे ते आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टशी.

‘उपग्रह चित्रावरून चक्रीवादळ ओळखणे’ हा विषय सध्या भलताच लोकप्रिय आहे. चित्र द्या, मशीन सांगेल वादळ आहे की नाही. ॲक्युरसी नव्वदीच्या वर, परीक्षक खूश, पार्टी पक्की! पण डोळा उघडलेलं वादळ तर शाळेतलं पोरही ओळखेल. खरा प्रश्न त्याच्या दोन दिवस आधीचा असतो. समुद्रावर ढगांचे दहा पुंजके आहेत, त्यातले बरेचसे विरून जाणार. मग वाढणारा कोणता आणि तो कुठे सरकतोय? याचं उत्तर एका चित्रात नसतं. ते दोन चित्रांच्या मधे असतं.

अमेरिकेत वादळाच्या पोटात विमान घुसवून वारा आणि दाब मोजतात. आपल्या समुद्रांवर अशी नेहमीची सोय नाही. वादळ किनाऱ्याजवळ येऊन रडारच्या टप्प्यात शिरेपर्यंत मुख्य भिस्त उपग्रहावरच. व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात बसवलेली पद्धत आपलं हवामान खातं आजही वापरतं. ढगांची ठेवण बघायची आणि टी-1 ते टी-8 असा जोर ठरवायचा. यातली कळीची पायरी म्हणजे आजचं चित्र 24 तासांपूर्वीच्या चित्राशी ताडून बघणं. बरोबर 24 का? तर ढग दिवस-रात्रीच्या चक्राप्रमाणे फुगतात आणि ओसरतात. पहाटेचं चित्र दुपारच्या चित्राशी लावलंत, तर वादळ वाढलं की नुसती वेळ बदलली, हेच कळणार नाही.

आणखी एक गोम आहे. रात्री साधा कॅमेरा आंधळा, म्हणून इन्फ्रारेड चित्र बघायचं. ते ढगांच्या माथ्याचं तापमान सांगतं. माथ्याखाली काय चाललंय ते नाही. वरचे वारे जोरात असले की ढगांचा डोलारा एका बाजूला ढकलला जातो आणि वादळाचं केंद्र उघडं पडतं. रात्रभर डोलाऱ्याच्या मधोमध केंद्र धरून बसलेल्या माणसाला सकाळच्या पहिल्या उजेडातल्या चित्रात ते भलतीकडेच सापडू शकतं. मागची चित्रं सलग लावून सरकण्याची दिशा पाहिली असेल, तर निदान शंका तरी येते.

हे नुसतं पुस्तकी नाही. 2017 चं ओखी घ्या. 29 नोव्हेंबरच्या सकाळी श्रीलंकेजवळ त्याची नोंद कमी दाबाचा तीव्र पट्टा म्हणून झाली आणि 30च्या सकाळी कन्याकुमारीजवळ ते चक्रीवादळ झालं होतं. मधे जेमतेम एक दिवस. इन्सॅट मालिकेचा उपग्रह दर अर्ध्या तासाला एक चित्र घेतो, असा हिशोब केला तर साधारण 48 चित्रं. केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार तोवर खोल समुद्रात पोचलेले. शेकडो जण परतले नाहीत. काही बोटी भरकटत पार आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अशा वेळी 30 तारखेचं चित्र बघून ‘होय, हे वादळ आहे’ म्हणणाऱ्या मशीनचा त्या बोटींना काय उपयोग?

आता त्या नव्वदीच्या ॲक्युरसीबद्दल. पाच दिवस टिकलेल्या एका वादळाची 240 चित्रं होतात. आपली मंडळी ती पत्त्यांसारखी पिसतात आणि 80 टक्के ट्रेनिंगला, 20 टक्के टेस्टिंगला देतात. म्हणजे टेस्टिंगच्या जवळजवळ प्रत्येक चित्राचा अर्ध्या तासाने मोठा किंवा धाकटा भाऊ ट्रेनिंगमध्ये बसलेला! ही परीक्षा नव्हे, ही आदल्या रात्री मिळालेली प्रश्नपत्रिका. वाटणी चित्रांची नको, वादळांची हवी. निसर्ग आणि फयान शिकायला द्या, तौक्तेवर परीक्षा घ्या. मार्क उतरतील, उतरू देत. आणि वादळ न झालेले पुंजकेही डेटात घाला. ते कोणी घालतच नाही, कारण त्यांना ना नाव असतं ना बातमी.

डेटा मिळत नाही ही सबबही आता चालणार नाही. इस्रोच्या मोसडॅकवर नाव नोंदवलं की इन्सॅटची चित्रं मिळतात. आपल्या दोन्ही समुद्रांतल्या वादळांचे 1982 पासूनचे मार्ग हवामान खात्याने छापून ठेवलेत. कुठल्याही एका वादळाची चित्रं ओळीने लावून चालवून बघा. कॉमन रूममधल्या टीव्हीवर लावलीत तर आणखी छान, मॅच नसेल त्या दिवशी.

सर-मॅडमांनाही एक विनंती. पुढच्या रिव्ह्यूला ॲक्युरसी विचारू नका. ‘गेले 12 तास जसं सरकलं तसंच पुढचे 12 तास सरकेल’ असा पट्टीने रेघ मारून अंदाज काढता येतो, त्याला मशीनही लागत नाही. तुमचं मशीन त्या रेघेपेक्षा किती किलोमीटर जवळ पोचलं, तेवढं विचारा.