पाचवं रीडिंग

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय आमच्या मायनिंग ब्रँचचा आहे, पण जर्नल लिहिणाऱ्या सगळ्यांना लागू पडेल.

गेल्या सेमिस्टरला लॅबमध्ये आम्ही कोळशाच्या एकाच तुकड्यातून कापलेले पाच क्यूब मशीनखाली फोडले. चार साधारण सारख्याच लोडला फुटले. पाचव्याचा निम्म्या लोडलाच भुगा झाला. "रीडिंग चुकलं" म्हणून मी ते लिहिलंच नाही. चौघांची सरासरी काढली, सही मिळाली, विषय संपला.

आता वाटतं, रीडिंग बरोबर होतं, मीच चुकलो. कोळसा असाच असतो. कुठे भेगा, कुठे मातीचा पट्टा. क्यूबपेक्षा खाणीतला पिलर कितीतरी मोठा, म्हणजे त्यात अशा कच्च्या जागाही जास्त.

२१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत सुमारे ९०० पिलर ढासळले. ४०० हून जास्त कामगार आतच गेले. एक पिलर खचला की त्याचा भार शेजाऱ्यांवर येतो, मग तेही जातात. त्यानंतर सॅलामन आणि मन्रो यांनी तिथली ९८ टिकलेली आणि २७ कोसळलेली उदाहरणं तपासून १९६७ मध्ये सूत्र दिलं. त्यात सगळ्या कोळशाला ताकदीचा एकच आकडा, ७.२ मेगापास्कल. चढउतारासाठी सेफ्टी फॅक्टर १.६. तरीही व्हाल खोऱ्यातला कोळसा या सरासरीपेक्षा कमकुवत निघाला, तिथले पिलर पडले आणि १९९० च्या दशकात त्याच्यासाठी वेगळा आकडा काढावा लागला.

वर्गाची सरासरी ६० आली म्हणून कोणाची एटीकेटी सुटते का? तसंच हे.

कोणी म्हणेल, मग पिलर सरसकट मोठे ठेवा. पण तेवढा कोळसा जमिनीतच राहतो, तेही परवडत नाही. म्हणून माझं मत असं की प्रत्येक सीमचे भरपूर नमुने तपासावेत, आणि सरासरीबरोबर रीडिंग किती वरखाली होतात तेही डिझाइनमध्ये धरावं. जिथे फरक जास्त, तिथे फॅक्टरही जास्त.

धनबादच्या संस्थेने आपल्या खाणींसाठी केलेल्या सूत्रात त्या त्या सीमच्या क्यूबची ताकद घालावी लागते. म्हणजे उद्या तो आकडा आपल्यासारखंच कोणीतरी लिहून देणार, आणि त्या भरवशावर माणसं खाली उतरणार.

असो. या सेमिस्टरला पाचवं रीडिंग मी लिहिणार आहे. ग्राफ वाकडा आला तरी चालेल!