‘लाइन’ : एका शब्दाचे मराठी होणे

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे शब्दांचे वर्गीकरण दिलेले असते आणि ‘परभाषीय’ या शीर्षकाखाली टेबल, स्टेशन, पेन अशा शब्दांची यादी येते. ही यादी शब्दाचा केवळ जन्मदाखला असते. मराठीत आल्यानंतर त्या शब्दाने कोणता संसार थाटला, याची नोंद तीत नसते. बोलीविषयक संशोधनातही हीच रीत रूढ झाली आहे. शेतीची अवजारे, दागिने, भांडी, नात्यागोत्याची नावे यांचे शब्दसंकलन परिश्रमपूर्वक केले जाते. पण निवेदकाच्या तोंडी इंग्रजी वळणाचा शब्द आला की संकलकाची लेखणी थांबते. तो शब्द ‘बोलीतला नव्हे’ असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाने बोलीचे चित्र किती अपुरे राहते हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्यात रोज शेकडो वेळा उच्चारला जाणारा ‘लाइन’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

प्रथम त्याचे व्याकरण पाहावे. इंग्रजीत अशा नामांना व्याकरणिक लिंग नाही. ‘लाइन’ला स्त्रीलिंग मराठीने दिले. ओळ, रांग, रेघ, तार, वाट असे ज्या शब्दांच्या शेजारी तो येऊन बसला ते सगळे स्त्रीलिंगी आहेत, हे त्याचे कारण असावे. पुढची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. मराठीतील अकारान्त स्त्रीलिंगी नामांचे दोन मुख्य वर्ग आहेत : वीट–विटा–विटेला हा एक आणि भिंत–भिंती–भिंतीला हा दुसरा. ‘बँक’ पहिल्या वर्गात गेली (बँका, बँकेत), ‘लाइन’ दुसऱ्यात (लाइनी, लाइनीत). हा निर्णय कोणत्याही परिषदेने घेतला नाही; तरीही ‘लाइनेत’ असे कोणी म्हणत नाही. कायदेशीर, पद्धतशीर यांच्या चालीवर ‘लाइनशीर’ हे विशेषणही तयार झाले. त्यात धातू इंग्रजी, प्रत्यय फारसी वळणाचा आणि घडण मराठी आहे. ग्रामीण उच्चारात तर ‘लैन’ असे रूप ऐकू येते. ‘लाईन’ लिहावे की ‘लाइन’, हा वाद शुद्धलेखनाचा आहे. बोलणाऱ्याने तो केव्हाच निकालात काढला आहे.

अर्थाच्या दृष्टीने या शब्दाची सर्वांत भक्कम वस्ती विजेच्या क्षेत्रात आहे. शहरी मराठीत ‘लाइट गेली’ म्हणतात. भोकरदन, अंबड, घनसावंगीकडील शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘लाइन’ आणि ‘लाइट’ हे दोन्ही शब्द असतात, पण ते पुष्कळदा वेगळ्या जागी येतात. ‘लाइट’ घरातली, दिव्याची. ‘लाइन’ तारेतली, मोटार चालवणारी. ‘या आठवड्यात लाइन रात्रीची आहे’ या वाक्यात कृषिपंपांच्या वीजपुरवठ्याचे सारे वेळापत्रक आणि त्यापायी विंचूकाट्याच्या भयाने काढलेली रात्र सामावलेली असते. येथे ‘वीजपुरवठा’ हा पर्याय सुचवणाऱ्याने ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. कागदोपत्री पदनामे बदलत राहिली, पण गावाने हाक मारायची ती ‘लाइनमन’लाच.

दुसरा अर्थ मात्र विजेहून खोल आहे. ‘पोरगा लाइनीला लागला’ या वाक्यातील लाइन कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. नोकरी मिळाली, व्यवसायात जम बसला, आईबापांचा घोर कमी झाला, एवढा आशय त्यात आहे. या वाक्प्रचाराचा सांगाडा ‘मार्गी लागणे’, ‘वाटेला लागणे’ यांचा आहे. इंग्रजी शब्दाने त्यात फक्त ‘मार्गा’ची जागा घेतली. ‘लाइनीवर आणणे’ हेही ‘वाटेवर आणणे’चे भावंड. ‘लोखंडाच्या लाइनीत’, ‘बियाण्याच्या लाइनीत’ हे व्यवसायवाचक प्रयोग जालन्यासारख्या सळयांच्या आणि बियाण्यांच्या बाजारपेठेत सहज होतात. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘लाइनीला लागला’ असे लिहिले आणि परीक्षकाने त्याखाली लाल रेघ ओढली, तर ती रेघ इंग्रजी शब्दाखाली पडत नाही, एका मराठी वाक्प्रचाराखाली पडते. हा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो आणि आपल्या घरची भाषा भ्रष्ट आहे अशी त्याची समजूत होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही समजूत किती महाग पडते, हे महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

टेलिफोनची ‘लाइन लागणे’, तरुणांचे ‘लाइन मारणे’ हे प्रयोग सर्वपरिचित असून त्यांत जालन्याचे वैशिष्ट्य नाही.

हा शब्द येथे कोणत्या वाटेने आला? पुण्या-मुंबईकडे इंग्रजी शब्द मुख्यतः शाळा, कचेरी आणि वृत्तपत्र यांच्याद्वारे आले. जालना मात्र १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि छावणीत शिपायांच्या वस्तीला ‘लाइन’ म्हणत. ‘पोलीस लाइन’ हा प्रयोग त्याच परंपरेतला. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग येथून गेला आणि ‘लाइनीच्या अलीकडे’, ‘लाइनीच्या पलीकडे’ अशा गावाच्या दिशा ठरल्या. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी हा शब्द छावणी आणि रूळ यांच्याकडून घेतला, असा तर्क करता येतो. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा वृत्तपत्रांतील ‘रेल्वेमार्ग’ चहाच्या टपरीवर ‘नवी लाइन’च झाला.

भाषाशुद्धीच्या भूमिकेला येथे उत्तर देणे आवश्यक आहे. ती भूमिका हास्यास्पद नाही. शिवकालातील राज्यव्यवहारकोशापासून तिला परंपरा आहे. फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधव जूलियनांनीच पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहावा, यातही केवळ हट्ट नव्हता. एक सर्वभक्षक शब्द आला की अनेक नेमके शब्द उपाशी मरतात, ही त्यामागील भीती खरी आहे. मराठीत माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत, अक्षरांची ओळ, कागदावरची रेघ. शेतात पेरलेला तो तास आणि खुरपताना किंवा कापणी करताना प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ती पात. या सर्व ठिकाणी ‘लाइन’ म्हणून भागू लागले, तर भाषेची दृष्टी तेवढी अधू होते. म्हणून ‘लाइन’ हा शब्द स्वीकारावा की नाकारावा, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचा एकेक अर्थ स्वतंत्रपणे तपासावा लागेल. विजेच्या आणि ‘लाइनीला लागण्या’च्या अर्थी तो मिळकत आहे, पंगतीच्या जागी तो आला तर नुकसान आहे.

मात्र नुकसानीचे खापर फोडण्यापूर्वी शेतात जाऊन पाहावे. महिको ही बियाणे कंपनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन झाली आणि तेव्हापासून बीजोत्पादन या भागातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे झाले. संकरित ज्वारी-बाजरीच्या बीजोत्पादनात मादी वाणाच्या काही ओळींनंतर नर वाणाच्या काही ओळी अशी ठरावीक प्रमाणात पेरणी होते. पैदासशास्त्रात ‘लाइन’ म्हणजे शुद्ध राखलेला वंश. शेतात ‘लाइन’ म्हणजे डोळ्यांपुढची ओळ. ‘ही लाइन नराची’ असे मजूर स्त्री म्हणते तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्या ओळीतला भिन्न वाणाचा एकही रोप राहू द्यायचा नाही, हे तिला ठाऊक असते. ‘तास’ हा शब्द येथे चालत नाही, कारण तासाला वंश नसतो.

आणि ‘तास’ मागे पडत असेल, तर त्याचे कारणही ‘लाइन’ नव्हे. तास तिफणीने पडतो. बैलांमागे तीन फण एकाच वेळी चालत आणि तीन तास उमटत. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले, कापूस ठिबकच्या नळीला धरून टोकला जाऊ लागला आणि तिफण गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. बोलीच्या संकलकाने त्याच शेतात आजीला आणि नातीला वेगवेगळे विचारावे. आजी ‘तास’ म्हणेल, नात ‘लाइन’ म्हणेल. त्या दोघी एकाच गोष्टीचे नाव सांगत आहेत की नाही, हे संकलकाने नोंदवहीत लिहावे.