बंदुकीतला फॉलोअर बदलावा काय?



बियाण्याच्या दुकानात 'सुधारित', खताच्या दुकानात 'सुधारित', फवारणीच्या औषधात 'सुधारित'. हा शब्द कानावर पडला की आपला हात आधी खिशाकडे जातो आणि खिशात काही नाही म्हणून पाय सोसायटीकडे वळतात. आता हा शब्द बंदुकीच्या दुकानातही पोचला आहे. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची पंपाची बंदूक ज्यांच्याजवळ आहे, असे काही शेतकरी विचारतात, की मॅगझिनमधला प्लॅस्टिकचा फॉलोअर काढून त्या जागी धातूचा, रंगीत, सुधारित फॉलोअर बसवावा काय?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. बंदूक नीट चालत असेल तर बदलू नका. चालत नसेल तरी पहिला संशय फॉलोअरवर घेऊ नका. आणि ज्या सुधारणेची आपल्यातल्या बहुतेकांना खरी गरज आहे, ती दुकानात मिळतच नाही. ती कलेक्टर कचेरीत अडकून पडली आहे.

आता वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे बहुतेकांजवळ ठासणीची, नाहीतर एकनळी किंवा दुनळी बारा बोअर असते. त्यांत मॅगझिन नाही, म्हणून फॉलोअरही नाही. पंपाच्या बंदुकीत नळीखाली दुसरी एक नळी असते. काडतुसे तिच्यात एकामागे एक बसतात. तिच्या पुढच्या टोकाला लांब स्प्रिंग, आणि स्प्रिंग व काडतुसे यांच्या मध्ये पेल्याच्या आकाराचा एक तुकडा. हाच फॉलोअर. स्प्रिंग त्याला मागे रेटते, तो काडतुसांना रेटतो. दस्ता मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर पडते, नवे काडतूस मागे सरकते. दस्ता पुढे नेला की ते वर उचलले जाऊन नळीत बसते. फॉलोअरचे काम एवढेच, की सरळ राहायचे आणि न अडखळता सरकायचे.

हा तुकडा बदलण्याचा नाद अमेरिकेतून आला. तिथे पंपाच्या बंदुका घरोघर आहेत. रेमिंग्टन 870 ही एकच जात 1950 साली निघाली आणि एक कोटीच्या वर खपली. तिथे नेमबाजीच्या शर्यती खेळणारे लोक एका दिवसात शंभर-दोनशे काडतुसे उडवतात. इतकी भरणी करणाऱ्याला हलका प्लॅस्टिकचा तुकडा टोचत असेल तर ते आम्ही समजू शकतो. गंमत अशी, की त्याच देशात पाणपक्षी मारणाऱ्याला कायद्याने मॅगझिनमध्ये दांडी घालून ठेवावी लागते. बंदुकीत तीनच्या वर काडतुसे मावता कामा नयेत, असा नियम 1935 पासून आहे. म्हणजे एकजण नळीत चांगले भरावे म्हणून पैसे घालतो आणि दुसरा कमी भरावे म्हणून दांडी घालतो. आपण या दोघांपैकी कोणीच नाही. आपला माणूस हंगामात किती काडतुसे उडवतो? हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलीही बरीचशी हवेत, कळप बिचकावा म्हणून. एवढ्या वापराने प्लॅस्टिकचा फॉलोअर झिजत नाही. तो गंजत तर मुळीच नाही. लोखंडाचा मात्र गंजतो आणि आपल्याकडच्या श्रावण-भादव्यात तो कोरडा ठेवणे ही आणखी एक चाकरी मागे लागते.

मग बंदूक अडकते ती कशाने? सगळ्यात जास्त वेळा हाताने. अंधारात, घाईत, कळप बांधावर आलेला असताना दस्ता पुरता मागे ओढला जात नाही. अर्धा ओढला आणि पुढे ढकलला की टरफल तरी अडते, नाहीतर नवे काडतूस तरी येत नाही. यावर कोणतीही कंपनी सुटा भाग विकू शकत नाही. दस्ता शेवटपर्यंत, जोरात, न कचरता ओढायची सवय हाताला लावावी लागते. ती सवय बंदूक रिकामी करून, नळीत आणि मॅगझिनमध्ये काही नाही हे बोटाने चाचपून, तोंड सुरक्षित बाजूला धरून घरीच लावता येते.

दुसरे कारण काडतूस. ओल लागून फुगलेले, डब्यात वर्षानुवर्षे पडून असलेले, पितळी बुडावर हिरवट गंज चढलेले काडतूस नळीत नीट बसत नाही आणि बसले तर निघत नाही. तिसरे कारण म्हणजे नळीचे घर, म्हणजे काडतूस जिथे बसते ती जागा. तिथे गंज असेल तर टरफल धरून ठेवते.

फॉलोअर आणि त्याची स्प्रिंग यांची पाळी यानंतर येते. ती ओळखायची खूण साधी आहे. मॅगझिन भरलेले असते तेव्हा स्प्रिंग जास्तीत जास्त दाबलेली, म्हणून जोरही जास्त. काडतुसे कमी होत जातात तसा जोर कमी होतो. तेव्हा पहिली काडतुसे सुरळीत आली आणि शेवटचे एक-दोन अडले, तर स्प्रिंग थकली आहे, नाहीतर मॅगझिनच्या नळीत कचरा किंवा पोचा आहे, नाहीतर फॉलोअर तिरपा होतो आहे. पहिलेच काडतूस अडत असेल तर फॉलोअरला दोष देऊ नका, तो बिचारा निर्दोष आहे. स्प्रिंग बाहेर काढल्यावर ती नळीपेक्षा बरीच लांब भरली पाहिजे. नळीएवढीच उरली असेल तर आधी स्प्रिंग बदला. टोपण उघडताना मात्र तोंड बाजूला ठेवा, कारण स्प्रिंग उसळून डोळ्याला लागते. नळी आतून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात नुसता फिरवा. तेल ओतू नका. तेलाला वावरातली धूळ चिकटते आणि त्याचा चिखल होतो.

या कचऱ्याचे एक मूळ कचेरीतच आहे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात लागल्या. दुसरी लागली ती ऑक्टोबरच्या मध्यात, मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे पऱ्हाटीला बोंडे फुटलेली, रब्बीची ज्वारी वाढीला लागलेली आणि राखणीची बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती. ज्यांना बंदूक जमा करावी लागली, त्यांनी ती परत आणल्यावर आधी पुसली काय? नवा फॉलोअर घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. फॉलोअर तडकला असेल, काठ खाल्ला गेला असेल, नळी साफ असूनही तिरपा होत असेल तर तो बदलावाच. बदलायचाच असेल तर भडक रंगाचा घ्या. कारण मॅगझिन रिकामे झाले की खालच्या खिडकीतून तो रंग दिसतो. ज्या घरात लेकरे आहेत त्या घरात ही सोय लहान नाही. पण रंग दिसला म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. नळीत एक काडतूस असू शकते. ते डोळ्याने आणि बोटाने वेगळे पाहावे लागते. शिवाय नवा तुकडा जुन्यापेक्षा लांब असेल तर एक काडतूस कमी मावेल, हेही घेण्याआधी मोजून पाहा. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. आणि तिथे गेल्यावर कोणी नळी आखूड करून देतो म्हणाला तर उठून या. तो गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, जखमी डुक्कर अंगावर आले आणि दुसरे काडतूस अडले तर? जिवापुढे त्या तुकड्याची किंमत ती काय? प्रश्न खरा आहे. पण जखमी डुकरामागे रात्री ज्वारीत शिरणाऱ्याला कोणताही फॉलोअर वाचवू शकत नाही. मचाणावरून उतरू नये, सकाळ होऊ द्यावी, हाच त्यावर उपाय आहे. आणि मारण्याचा परवाना हातात नसेल तर गोळी जनावरावर झाडूच नये. वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोका करणाऱ्या जनावराच्या शिकारीची परवानगी देता येते. ती लेखी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

पैशाचेही बोलू. 2025-26 च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3699 रुपये ठरला. डुकरांनी दोन क्विंटलची ज्वारी लोळवली तर 7398 रुपये गेले, तेही हमीभाव मिळाला असता असे धरून. जागलीच्या रात्रींचा हिशोब तर आपण स्वतःही मांडत नाही. या नुकसानीच्या भीतीवरच 'सुधारित' माल विकला जातो. मालात खोट असते असे आमचे म्हणणे नाही. तो आपल्या दुखण्यावरचा नाही, एवढेच.

दुखणे कुठे आहे ते शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये वाचा. शहरातल्या माणसाला स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची साधी बंदूक. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी? ठासणीची! एक बार झाला की दारू, गज, छरे, टोपी, सगळे अंधारात पुन्हा. पावसात दारू ओली. कळप तोवर दुसऱ्याच्या वावरात. इंडियाला काडतुसाची आणि भारताला ठासणीची, ही वाटणी कायद्याच्या पुस्तकात काळ्या शाईने छापलेली आहे. मात्र त्याच कलमाला एक परंतुक आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. ही खात्री आपोआप पटत नाही, ती पटवावी लागते. नाकारले तर कारण लेखी नोंदवावे लागते, ते मागता येते आणि त्यावर कलम 18 खाली अपीलही करता येते. अर्जावर नुसता 'नामंजूर' असा शिक्का घेऊन घरी येणे आपण सोडले पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्याजवळ ठासणीची बंदूक आहे त्यांनी परवान्याची आणि सात-बाऱ्याची झेरॉक्स, पीक नुकसानीचे पंचनामे असतील तर त्यांच्या नकला, आणि गेल्या दोन हंगामांत किती रात्री जागल केली त्याचे टाचण घेऊन यावे. अर्ज परंतुकाचा उल्लेख करून लिहायचे आहेत आणि गावागावाचे एकत्र करून एकाच दिवशी कचेरीत द्यायचे आहेत. पंपवाल्यांनी बंदूक बैठकीला आणू नये. नळी घरीच पुसावी.